बारा महिन्यांनी कोण येतं, ते मोजा

महाराष्ट्रातील जिमचालक, प्रशिक्षक आणि तालमींचे वस्ताद यांना खुलं पत्र



पत्रास कारण की, जानेवारीत तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते आणि होळी उलटली की निम्मी यंत्रं रिकामी दिसतात, हे आपण सगळे दरवर्षी पाहतो. वर्षाची फी भरलेली असते. भरणारा मात्र येत नाही. फी भरलेले सगळेच रोज आले तर जागा पुरणार नाही, हेही चालकांना ठाऊक असतं. भाडं, वीजबिल, यंत्रांचे हप्ते आणि प्रशिक्षकांचे पगार भागवता भागवता हे गणित बसत गेलं, याची मला जाणीव आहे. पण त्यामुळे झालं असं की, जे काम आयुष्यभर करायचं ते ‘९० दिवसांत कायापालट’ अशा फलकाखाली विकलं जाऊ लागलं.

माझी मागणी एकच आहे. सभासदाचा बाराव्या आठवड्यातला फोटो हा तुमच्या कामाचा निकाल मानू नका. बारा महिन्यांनी तो माणूस व्यायाम करतोय का, हा निकाल माना. वजन उतरवणं आणि स्नायू कमावणं ही दोन्ही कामं टिकून राहणाऱ्यालाच साधतात. टिकायचं कसं, हे सामान्य माणसाला समोर उभं राहून शिकवू शकतील अशी माणसं समाजात फार थोडी आहेत. त्यांत तुम्ही आहात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी आपल्या शरीराविषयी. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं होतं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी निरोगी मापातला. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणाऱ्या बाळांचा अभ्यास केला, तेव्हाही हेच दिसलं. सरासरी २.७ किलोची ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी होती. पण उणीव स्नायूंची होती; चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे बारीक दिसणारा, पण आतून चरबी बाळगणारा देह घेऊन आपल्यापैकी अनेकजण जन्माला येतात.

त्यामुळे तुमच्या दारात येणाऱ्या माणसाला फक्त वजनकाट्यावर उभं करून भागत नाही. भारतीयांसाठी बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ला स्थूलता धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आढळली आणि मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचा अंदाज निघाला. या लोकांना चरबी उतरवायची आहे आणि तितकंच स्नायू वाढवायचे आहेत. कारण जेवणातून रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. नुसतं ‘बारीक व्हा’ म्हणून चालणार नाही.

आता वेगाविषयी. महिन्यात दहा किलो उतरवून देतो, असं सांगणाऱ्या जाहिराती गावोगाव दिसतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आठवड्याला अर्धा किलो चरबी उतरवायची, तर रोज साडेपाचशे कॅलरींची तूट हवी. नोकरी, प्रवास, घर सांभाळून माणसाला पेलवेल अशी तूट साधारण एवढीच. त्यापेक्षा जोरात गेलं की पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो खरा. पण त्यात बरंचसं पाणी असतं, आणि पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतो. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. स्पर्धेत प्रत्येकाचं सरासरी ५८ किलो वजन उतरलं होतं. त्यातलं ४१ किलो परत आलं होतं. शिवाय त्यांचं शरीर विश्रांतीत जितकी ऊर्जा खर्च करायला हवी, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. बिफोर-आफ्टरचे फोटो भिंतीवर लावताना त्या ‘आफ्टर’च्या नंतर काय झालं, हेही विचारत चला.

सभासदाला पहिल्याच दिवशी खरं सांगा. आठवड्याला अर्धा किलो, कधी त्याहून कमी, आणि मध्येच काही आठवडे काहीच नाही. काटा थांबला तरी कमरेचा घेर कमी होत असेल आणि उचललेलं वजन वाढत असेल, तर काम बरोबर चाललं आहे. नवख्या माणसाचं वजन तसंच राहून चरबी कमी आणि स्नायू जास्त, असंही होतं. त्यामुळे काटा, टेप आणि उचललेल्या वजनाची वही ही तिन्ही साधनं वापरा. रोजच्या काट्यानं घाबरलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात जेवण तोडतो आणि सहाव्या आठवड्यात जिम सोडतो.

व्यायामाबद्दल तुम्हाला काय सांगायचं! तरीही सांगतो, कारण संध्याकाळी सातच्या गर्दीत जे दिसतं ते वेगळंच असतं. नवा माणूस तासभर ट्रेडमिलवर चालतो, मग आरशासमोर दंडाचे सेट मारतो आणि पाय, पाठ, नितंब या शरीरातल्या मोठ्या स्नायूंना हात न लावता घरी जातो. अर्धा तास चालून जळालेल्या कॅलरी अर्ध्या वडापावात भरून निघतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. लोक पहिला भाग ऐकतात, दुसरा सोडून देतात. तो दुसरा भाग तुमच्या हातात आहे.

आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, पाच हालचाली एवढं पुरतं. बसून उठणं म्हणजे बैठक किंवा स्क्वॉट. जमिनीवरून ओझं उचलणं म्हणजे डेडलिफ्ट. ढकलणं म्हणजे जोर किंवा बेंच प्रेस. ओढणं म्हणजे रोइंग किंवा पुलअप्स. आणि वजन हातात धरून चालणं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट. शेवटच्या एक-दोन रेप्सना दम लागावा, पण फॉर्म मोडू नये. ठरवलेल्या रेप्स सहज निघायला लागल्या की थोडं वजन वाढवायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्यानं वाढते, कारण मज्जासंस्था आधीपासून असलेल्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकत असते. स्नायूंचा आकार मागून, महिन्यांच्या हिशेबानं वाढतो. हे आधीच सांगितलं, तर दोन महिन्यांनी आरसा पाहून निराश होणारा पोरगा टिकून राहील.

तालमींच्या वस्तादांना हे नवं नाही. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत लाल मातीत उतरलेल्या पठ्ठ्याला वस्ताद कुठल्याही मुदतीचं वचन देत नाहीत. जोर, बैठका, मुद्गल, करेला, रोज तेच. आकडा मात्र हळूहळू चढता. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करत तोही रोजच्या नेमाचा भाग म्हणूनच. आधुनिक व्यायामशास्त्र ज्याला क्रमाक्रमानं भार वाढवणं म्हणतं, ते या मातीत आधीपासून आहे. तालमीनं आणखी एक गोष्ट जाणली आहे: खुराक मेहनतीच्या मापानं. थंडाई, तूप, बदाम हे शेकडो जोर-बैठका मारणाऱ्याचं खाणं आहे. मेहनत सुटली आणि खुराक तोच राहिला की पैलवानाचंही पोट सुटतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला पैलवानाचा खुराक सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बायका आणि वडीलधारी माणसं तुमच्याकडे कमी येतात, आली तर त्यांना सायकलवर बसवून दिलं जातं. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात आणि पाळी थांबल्यावर बायकांची हाडंही वेगानं ठिसूळ होतात. वजन उचलणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. डंबेल उचलल्यानं बाई पुरुषासारखी दिसायला लागते हा समज तुम्हीच खोडून काढायला हवा. तेवढे स्नायू वाढायला लागणारी संप्रेरकंच स्त्रीच्या शरीरात फार कमी असतात. वयाचा बाऊ करू नका. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धालयात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त माणसांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला गेला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल, तर तुमच्या भागातल्या साठीच्या आजींना खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकवणं नक्की होईल.

आता खाण्याकडे येऊ, कारण इथेच तुमच्याकडून सर्वांत जास्त चुकीचं सांगितलं जातं. ओट्स, ब्रोकोली, उकडलेली कोंबडी आणि पावडर असा छापील डाएट चार्ट हातात पडतो. घरात आई किंवा बायको भाकरी, वरण, उसळ करते. चार दिवस दोन वेगळे स्वयंपाक होतात, पाचव्या दिवशी चार्ट फ्रिजवर चिकटलेला राहतो. घरातल्या ताटातच बदल सुचवा.

प्रथिनांचा हिशेब द्या. भारतीयांसाठी रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. स्नायू वाढवू पाहणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम पुरतात. त्याच्या वर दिल्यानं फारसा फरक पडत नाही, असं संशोधन सांगतं. ६० किलोच्या शाकाहारी माणसाचा दिवस मांडून पाहू. ज्वारीच्या तीन मोठ्या भाकऱ्यांतून सुमारे १५ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, १४ ग्रॅम. पाव लिटर दूध, ८ ग्रॅम. वाटीभर दही, ७ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, २६ ग्रॅम. बेरीज ७७, म्हणजे किलोमागे १.३च्या आसपास. अंडी खाणाऱ्याला प्रत्येक अंड्यामागे ६ ग्रॅम मिळतात. मासे-मटण खाणाऱ्याचं काम आणखी सोपं. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हेही सांगत जा.

या यादीत पावडर नाही. व्हे प्रोटीन हे दुधातूनच काढतात. ज्याला खाण्यातून जमत नाही त्यानं ते चांगल्या प्रतीचं पाहून घ्यावं. मी त्याला विष म्हणणार नाही. पण राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या मार्गदर्शिकेत सामान्य माणसानं प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असंच म्हटलं आहे. डब्यावरचं कमिशन मिळतं म्हणून कमी पगाराच्या पोराच्या गळ्यात महिन्याला हजारो रुपयांचा डबा मारणं हे प्रशिक्षकाला शोभत नाही. त्याच पैशांत त्याच्या घरातल्या सगळ्यांची अंडी आणि डाळ येते.

ताटातून काय कमी करायचं, तेही घरचंच असतं. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. फोडणीतलं एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी; महिन्याला घरात किती तेल येतं हे माणशी मोजलं की पुष्कळ काही उलगडतं. उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे बहुतेक पिष्ट आणि तेल. दाण्याचा कूट सोडला तर प्रथिनं नावालाच. टीव्हीसमोर चिवड्याचा डबा उघडा ठेवला की वाटी कधी भरली आणि कधी संपली ते कळत नाही. भात तोडा, पोळी तोडा असं न सांगता आधी डाळ-उसळ आणि भाजी वाढून घ्यावी, मग भाकरी, मग थोडा भात, एवढा क्रम लावून दिला तरी पोट लवकर भरतं.

महाराष्ट्रात दोनच वेळा जेवायचं की दर दोन तासांनी थोडं खायचं, यावर घराघरांत वाद झाले. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीतून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन जेवणांची पद्धत गावोगाव नेली. ऋजुता दिवेकरांनी थोडं थोडं खाण्याचा आग्रह धरला. दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसं आपल्या ओळखीत आहेत. उतरलं ते दिवसभराचं खाणं कमी आणि ठरल्या वेळी झालं म्हणून. म्हणून सभासदाला एवढंच विचारा, ‘यांतलं काय तुम्ही पाच वर्षं पाळू शकाल?’ ज्याचं उत्तर हो, ते त्याचं.

झोपेबद्दल कोणताच फलक बोलत नाही. २०१० साली शिकागोत एक छोटा पण काळजीपूर्वक प्रयोग झाला. दहा जाड माणसांना तेच कमी कॅलरींचं जेवण देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपायची वेळ दिली. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं. पण पुरेशा झोपेत १.४ किलो चरबी गेली, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो, उरलेलं वजन स्नायू आणि इतर ऊतकांतून गेलं. कल्याण-विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाला ‘सकाळी पाचला बॅचला या’ म्हणण्याआधी तो रात्री किती वाजता झोपतो हे विचारा. त्याला रविवारी आणि दोन संध्याकाळी बोलवणं जास्त शहाणपणाचं ठरेल. बाकीचे दिवस जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं आणि एक स्टेशन आधी उतरून पायी जाणं, एवढं पुरे.

सवय एकवीस दिवसांत लागते, असं तुमच्या पोस्टरांवर लिहिलेलं असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर हे तपासलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असं दिसलं. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यांना आढळलं. आपल्याकडे गणपती, दिवाळी, लग्नसराई, पेरणी, परीक्षा येणारच. त्या काळात सगळं सोडण्यापेक्षा घरच्या घरी वीस बैठका, दहा जोर आणि पाच सूर्यनमस्कार, एवढा कमीत कमी नेम ठरवून द्या. आणि दहा दिवस कुणी आलं नाही तर फोन करा. ‘काय झालं? उद्या नुसते या, हलका व्यायाम करू,’ हे तुमचं एक वाक्य सवलतीच्या दहा मेसेजपेक्षा जास्त माणसं परत आणेल.

एका गोष्टीबद्दल मात्र विनंती नाही, स्पष्ट सांगणं आहे. मेफेंटरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेदरम्यान घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असतं. ते व्यायामाच्या आधी टोचून घेणारी मुलं आपल्या शहरांत आहेत आणि ते बेकायदा विकणाऱ्यांवर पुणे परिसरात पोलिसांनी कारवायाही केल्या आहेत. स्टेरॉइडचं तसंच. हृदय, यकृत, प्रजननक्षमता हे सगळं विशीतल्या मुलानं दंडाच्या मापासाठी पणाला लावायचं का? तुमच्या चेंजिंग रूममध्ये काय चालतं हे तुम्हाला कळतं. डोळेझाक करू नका.

२०२५ मध्ये माउंजारो, वेगोव्ही ही वजन उतरवणारी औषधंही भारतात आली. डॉक्टरांनी योग्य रुग्णाला दिली तर ती उपयोगी आहेत. पण त्यांनी उतरणाऱ्या वजनात पाव किंवा त्याहून मोठा वाटा चरबीव्यतिरिक्त भागाचा असू शकतो. म्हणून ही औषधं घेणाऱ्या माणसाला प्रथिनांची आणि वजनाच्या व्यायामाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. तो तुमच्याकडे येईल तेव्हा त्याला तुच्छ लेखू नका. त्याचे स्नायू वाचवणं हे तुमचं काम आहे.

तेव्हा माझं मागणं असं. ‘९० दिवसांत’चे फलक उतरवा. वर्षाच्या फीबरोबर महिन्याची आणि तीन महिन्यांची रास्त फी ठेवा, म्हणजे माणूस टिकवणं तुमच्याही फायद्याचं होईल. पहिला महिना पाच हालचाली शिकवण्यासाठी राखा. दुपारच्या रिकाम्या वेळेत बायका आणि ज्येष्ठांची कमी दरातली बॅच सुरू करा. डाएट चार्ट त्या माणसाच्या घरच्या स्वयंपाकघराला विचारून लिहा. पावडरीवरचं कमिशन प्रशिक्षकाच्या पगाराशी जोडू नका, पगार वाढवा. आणि दरवर्षी ३१ डिसेंबरला, जानेवारीत नाव घातलेल्यांपैकी किती जण अजून येतात, हा आकडा दारावर लावा. जी जिम हा आकडा लावेल, तिथेच नाव घालायला मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगेन. वाचकांनीही नाव घालण्याआधी हाच एक प्रश्न विचारावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
व्यायामशाळेतला एक जुना सभासद